सासूबाईंचे मागचे टायर

बस डेपोच्या टायर विभागात त्याला सगळे 'रिमोल्ड' म्हणत. टायर टाकून द्यायला तो कधीच तयार नसे. झिजून गुळगुळीत झालेला टायर कुणी आणून समोर आपटला, की हा त्याच्याभोवती एक फेरी मारणार, आत हात घालून चाचपणार, अंगठ्याने रबर दाबणार आणि म्हणणार, "अजून जीव आहे याच्यात. रिमोल्ड करू, नवं रबर चढवू." त्याने रबर चढवलेल्या टायरांवर बसगाड्या अशा धावत की ड्रायव्हर बदलून जात, टायर तेच राहत.

आणि अशा माणसाला सासू मिळाली ती टायर जाळणारी.

जाळणारी म्हणजे खरोखर जाळणारी. भर दिवसा, चारचौघांसमोर, टाळ्यांच्या गजरात. सासूबाई ड्रॅग रेस खेळायच्या. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांना जावई आपल्या शब्दांत समजावून सांगे : "सरळसोट रस्ता. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की सुटायचं. मध्येच तुम्हाला शिंक आली तर शर्यत बघायची राहिली म्हणून समजा." एवढ्याशा वेळात गाडीला जो काही वेग घ्यायचा तो मागच्या दोन चाकांच्या जिवावर. म्हणून त्या चाकांचे टायरही वेगळे : रुंद, नक्षी नसलेले आणि इतके मऊ की नखाने ओरखडा उठावा. हे टायर थंड असले तर रस्ता धरत नाहीत. म्हणून सुटण्याआधी गाडी जराशा पाण्यावर उभी करायची, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरवायची आणि रबर तापवायचं. याला म्हणतात बर्नआउट. धूर निघाला, रबर चिकट झालं, की पाय उचलायचा. संपलं काम.

इतरांचं संपायचं. सासूबाईंचं संपत नसे. त्यांची चाकं फिरत राहत. पांढरा धूर आधी चाकांभोवती, मग गाडीभोवती, मग सगळ्या रस्त्यावर पसरे. कठड्याला टेकलेली माणसं खोकत खोकत शिट्ट्या मारत. माइकवर बोलणारा निवेदक तर चेकाळायचाच. "आल्या! आपल्या धूरमावशी आल्या! बायकापोरांनी नाकाला रुमाल लावा!"

आणि त्या धुरापलीकडे, पाण्याच्या पट्ट्यासमोर, हात वर करून जावई उभा असे. हात खाली आणला की थांबायचं, असं ठरलेलं होतं. तो हात खाली आणायचा. पुन्हा वर करून पुन्हा खाली आणायचा. मग दोन्ही हात एखाद्या बुडणाऱ्या माणसासारखे हलवायचा. लोकांना वाटे, तोही कार्यक्रमाचाच भाग आहे.

गाडी मूळची सासऱ्यांची. जुनी, दोन दारांची, कुठल्याशा अंगणात गंजत पडलेली गाडी त्यांनी आणली आणि स्वतःच्या हाताने शर्यतीची केली. सासरे ताडमाड उंच. गाडीत शिरताना घडी घालून शिरत आणि उतरताना हप्त्याहप्त्याने उतरत. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण टायरच्या बाबतीत जावयाशी त्यांचं गोत्र जुळलं होतं. दोघं एका चाकाशी उकिडवे बसले की जेवायला हाका मारून मारून घरच्या बायका थकत. सासऱ्यांचा बर्नआउट म्हणजे कसा, दुधाला उकळी येते न येते तोच गॅस बंद. एक जोडी कितीतरी दिवस पुरायची.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याआधीच ते गेले.

गाडी बरेच महिने गॅरेजमध्ये झाकून होती. एका सकाळी जावई आणि बायको सासूबाईंकडे गेले तर आच्छादन काढलेलं, गाडी धुतलेली, आणि सासूबाई बॉनेट पुसतायत.

"विकायची ठरवलीत का आई?" जावयाने विचारलं.

"विकायची कशाला? मी चालवणार आहे."

बायको आईच्या तोंडाकडे बघत राहिली. जावयाला वाटलं, दुःख आहे, निघून जाईल. दुःखाचं काय झालं ते सासूबाईंनाच ठाऊक. चालवणं मात्र राहिलं. शाळेच्या गाडीवर त्यांनी उभी हयात ड्रायव्हर म्हणून काढली होती, हात सराईत होता. हिरव्या दिव्याला त्यांचा पाय असा पडायचा की शेजारच्या गाडीतल्या तरण्याबांड माणसाने नुसतं बघत राहावं. त्याबद्दल जावयाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती टायरांची.

कारण टायर सांभाळायचं काम न विचारता त्याच्याच गळ्यात आलं होतं. "जावईबापू, टायरचं तुम्ही बघा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्याने बघितलं. जीव तोडून बघितलं. शर्यत नसेल तेव्हा गाडी स्टँडवर उचलून ठेवायची, म्हणजे एकाच जागी भार पडून टायर चपटा होणार नाही. टायरांवर जाड काळं कापड, कारण ऊन लागलं की रबर कडक होतं. गॅरेजमधलं वेल्डिंगचं यंत्र त्याने दुसऱ्या खोलीत हलवलं, कारण त्याच्या ठिणग्यांनी हवा अशी काही होते की रबराला बारीक भेगा पडतात. शर्यतीच्या दिवशी सकाळी हवा तपासायची, उन्हं चढली की पुन्हा तपासायची, दोन्ही टायरांत अगदी सारखी. हवा कमी पडली तर कडा खाल्ल्या जातात, जास्त झाली तर मधला पट्टा. काही फेऱ्या झाल्या की डावा टायर उजवीकडे, उजवा डावीकडे, म्हणजे रबर एकाच दिशेने घासलं जात नाही. शर्यत संपल्यावरच्या परतीच्या रस्त्यावर खडी होती, म्हणून तो गाडी ढकलत आणायचा आणि मग बसून रबरात रुतलेला एकेक खडा बोटांनी काढायचा. मागची चाकं जोडणारा अ‍ॅक्सल जरासा वाकडा बसलाय, गाडी तिरकी सुटते आणि टायर घासतो, हेही त्यानेच शोधलं आणि दोन रविवार गाडीखाली झोपून सरळ केलं.

एवढं सगळं करून जे काही रबर वाचायचं, ते सासूबाई एका धुरात उडवून मोकळ्या.

या टायरांवर जागोजागी छोटे खळगे असतात. टायर झिजला की खळगे उथळ होतात, ते दिसेनासे झाले की टायर संपला. जावई फेरी झाली की त्या खळग्यांत करंगळीचं टोक घालून बघायचा, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा की शेजारच्या गाडीची माणसं विचारत, "काय झालं? घरचं कोणी आजारी आहे का?"

"आई, मी हात खाली केला होता."

"हो का? दिसला नाही."

"मी समोर उभा होतो!"

"धूर होता ना."

"धूर कुणी केला?"

त्यावर सासूबाई हेल्मेट त्याच्या हातात देत आणि चहा प्यायला जात.

बायकोकडे कुरकुर करावी तर ती दाताच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची कुरकुर ऐकून आलेली असे. "अरे, एवढी एकच मजा उरलीय तिला," ती म्हणायची. "टायरच आहेत, दात नाहीत पुन्हा न येणारे."

पण झालं तसंच. एके दिवशी टायर विकणाऱ्याचा निरोप आला : त्या मापाचे टायर बनवणं कंपनीने बंद केलंय. गोदामात एक शेवटची जोडी आहे, हवी असली तर घेऊन जा. दुसऱ्या मापाचे टायर बसवायचे तर गाडीची मागची बाजू कापून नव्याने करायला लागणार. सासऱ्यांनी ठोकून ठोकून बसवलेला पत्रा कापायचा, हे शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

जावयाने ती जोडी आणली आणि जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून घोषणा केली, "हे शेवटचे. हे गेले की गाडी गेली. पूर्ण मोसम काढायचाय यांच्यावर. आई, ऐकताय ना?"

"ऐकतेय. बहिरी नाही झाले."

"मग बर्नआउट छोटा."

"छोटाच असतो माझा."

जावयाने कपाळावर हात मारून घेतला.

त्यात सासूबाईंच्या शेजारी एक गॅरेजवाला राहायचा. त्याला सगळ्यातलं सगळं कळे, म्हणून आळीत त्याला 'तज्ज्ञ' म्हणत. जावई डेपोत असताना हा तज्ज्ञ सासूबाईंच्या गॅरेजमध्ये डोकावला आणि म्हणाला, "मावशी, एवढं जपायची काय गरज? माझ्याकडे एक औषध आहे. टायरला चोळलं की रबर लोण्यासारखं मऊ. मग तापवायलाही नको." सासूबाईंना वाटलं, जावई बर्नआउटवरून डोकं खातोय, तर हेच बरं. दोघांनी मिळून डावा टायर चोळून काढला.

संध्याकाळी जावई आला तो वासानेच दारात थांबला. आत जाऊन बघतो तर डाव्या टायरची वरची साल बोटाबरोबर निघून येतेय, ओल्या भाकरीसारखी.

"हे कुणी केलं?"

"तज्ज्ञ म्हणाले की—"

"आई, मी डेपोत टायर बघतो. रोज. पोटापाण्यासाठी. आणि तुम्ही माझं सोडून त्या माणसाचं ऐकता? ज्याची स्वतःची स्कूटर धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही?"

"तुम्ही नुसतं नको नको म्हणता. ते काहीतरी करा म्हणाले."

जावयाने रात्रीचं जेवण तिथेच टाकलं. टायर धुतला, पुसला, वरचा मऊ झालेला थर हळूहळू घासून काढला. टायर वाचला, पण उजव्यापेक्षा बारीक झाला. दोन टायरांचा घेर सारखा नसला की गाडी एका बाजूला ओढते, म्हणजे मग उजवाही तेवढाच घासून बारीक करणं आलं. चांगलं नवं रबर स्वतःच्या हाताने घासून फेकायचं! त्या दिवशी रिमोल्डच्या डोळ्यांत पाणी आलं असं बायको अजून सांगते. तो म्हणतो, धूळ गेली होती.

एवढ्यावरही तो गप्प बसला असता. पण पुढच्याच शर्यतीत सासूबाईंनी असा बर्नआउट केला की निवेदकाचा माइकवरचा आवाज बसला. धूर विरला तेव्हा समोर जावई नव्हता. तो हेल्मेटची पिशवी खाली ठेवून सरळ फाटकाकडे चालला होता.

सासूबाईंनी शर्यत जिंकली. जावयाने ती बघितलीही नाही.

"तुम्ही आणि तुमचे टायर," तो सासूबाईंच्या घरी आल्यावर म्हणाला. "मला आता विचारू नका. लोकांच्या टाळ्या पाहिजेत ना? घ्या टाळ्या. सासरेबुवांनी इतक्या वर्षांत केला नसेल एवढा धूर तुम्ही एका दुपारी करता. त्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते?"

हे बोलायला नको होतं, हे तोंडातून निघतानाच त्याला कळलं. नेहमी दोन शब्दांना चार शब्द परत करणारी बाई उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चपला घातल्या.

पुढचे काही दिवस त्याने गॅरेजचं नाव काढलं नाही. डेपोत मात्र त्याचं चित्त लागेना. एका बसचा चांगला टायर त्याने बाद ठरवला आणि सहकाऱ्यांनी त्याला घरी जाऊन ताप बघायला सांगितलं. शर्यतीच्या दिवशी बायकोने गाडीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. "चल. हवा कोण बघणार? ती तज्ज्ञाला बोलवेल."

एवढं पुरे होतं.

तो गेला. सासूबाईंशी बोलायचं नाही असं ठरवून गेला, आणि टायरशी बसला. हवा बघितली, खळगे बघितले. सासूबाई नाव नोंदवायला खिडकीपाशी रांगेत गेल्या होत्या. तेवढ्यात गाड्या तपासणारा अधिकारी आला.

"चला, ब्रेक दाबा, मागचे दिवे बघायचेत."

"ड्रायव्हर आत्ता येतील."

"मला अख्खी रांग तपासायचीय हो. तुम्ही बसा की."

जावई घुटमळला. सासरे गेल्यापासून त्या सीटवर सासूबाईंशिवाय कुणी बसलं नव्हतं. तसा काही नियम नव्हता, पण गाडी हलवायची तर तो बाहेरून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरायचा आणि ढकलायचा. अधिकारी बोटाने घड्याळ ठोकायला लागला तसा तो आत शिरला.

जावयाची उंची आणि सासूबाईंची उंची जवळजवळ सारखी. लग्नात पाहुण्यांनी यावरून पुष्कळ विनोद केले होते. त्याने ब्रेक दाबला आणि मागे अधिकारी काय करतोय हे बघायला आरशात पाहिलं.

आरशात छप्पर होतं. छपराखाली मागच्या काचेची वरची कड आणि त्यातून आभाळाची एक पट्टी. अधिकारी नाही, रस्ता नाही, मागची दुसरी गाडी नाही. त्याने मान ताणली. पाठ ताठ केली. मग सीटवरून जरा उचलून बसला तेव्हा कुठे मागचा रस्ता दिसायला लागला. सासरे बसत असतील तेवढ्या उंचीवर.

त्याने आरसा नीट करायला हात वर केला आणि तसाच मागे घेतला. आरसा सासऱ्यांनी स्वतः बनवलेल्या पट्टीवर बसवला होता, चार स्क्रू घालून.

"झालं, उतरा," अधिकारी म्हणाला. जावई उतरला नाही. तो त्या आभाळाच्या पट्टीकडे बघत राहिला. चाकांचा धूर त्या पट्टीत दिसायचा तर तो किती वर चढायला हवा? छपराएवढा. छपराच्याही वर.

सासूबाई पावती घेऊन आल्या आणि त्याला सीटवर बसलेला बघून जागीच थबकल्या.

"आई," तो म्हणाला, "बर्नआउट कधी थांबवायचा हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"धूर दिसला की."

"कुठे दिसला की?"

त्यांनी आरशाकडे बघितलं नाही. पावतीची घडी घालत राहिल्या. "ते एकदा शिकवत होते मला. तेव्हा म्हणाले होते, समोरचा माणूस चुकू शकतो. आरशात धूर दिसला की पाय उचल. बाकी काही बघू नकोस."

"पण यात धूर दिसतच नाही! आभाळ दिसतं!"

"शेवटी दिसतो की."

जावयाने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला. तीन गाड्या पलीकडचा माणूस दचकून उठला.

"मग मला सांगायचं ना! इतकी भांडणं झाली. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"सांगितलं असतं तर तुम्ही आरसा हलवला असता."

त्याने हलवलाच असता. स्क्रूड्रायव्हर तर त्याच्या खिशातच होता.

"टाळ्या आवडतात मला," सासूबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण म्हणून नाही करत मी ते."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून जावयाला वाटलं, आता आपणही काही बोलावं. त्या दिवशी बोललो ते चुकलं, असं काहीतरी. पण वैताग असा दाटून आला होता की तोंडातून निघालं ते एवढंच : "इतके टायर, आई! इतके टायर!"

आणि सासूबाई हसायला लागल्या. आधी ओठ मिटून, मग पदराने डोळे पुसत. तो हसला नाही. त्याला अजून वेळ होता.

त्या दिवशी जावयाने त्यांना आरशात बघूच दिलं नाही. खिडकीशी उभा राहून स्वतः ओरडला, "उचला पाय!" दुसऱ्या दिवशी त्याने डेपोच्या भंगारातून बसच्या दाराशी लावतात तो छोटा गोल आरसा उचलून आणला. सीट उंच करायचा विचार आधीच बाद झाला होता, कारण मग हेल्मेट वरच्या लोखंडी पाइपला टेकायचं. गोल आरसा त्याने खिडकीच्या खांबाला, सासूबाईंच्या डोळ्यांच्या रेषेत, क्लिपने बसवला. सासऱ्यांच्या आरशाला बोटही लावलं नाही. सासूबाई मागे हात बांधून हे सगळं बघत होत्या.

"हा काय बेडकाचा डोळा?"

"याच्यात चाक दिसतं. बसून बघा."

त्या बसल्या. बघितलं. डोकं इकडे केलं, तिकडे केलं. "चाक फार मोठं आहे हो," त्या नवलाने म्हणाल्या, जणू इतकी वर्षं कुणाच्या तरी दुसऱ्याच चाकांवर फिरत होत्या.

पुढच्या शर्यतीला कठड्याशी गर्दी नेहमीसारखीच होती. निवेदक घसा खाकरून तयार. सासूबाईंनी गाडी पाण्यावर घेतली, चाकं फिरली, चाकांमागून धुराचा एक गोळा निघाला, आणि त्यांनी पाय उचलला.

लोक धुराची वाट बघत राहिले. मग कुणीतरी ओरडलं, "बस, एवढाच?" निवेदक म्हणाला, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" लोक हसले. समोर उभ्या असलेल्या जावयाचा हात अजून वरच होता. खाली आणायची वेळच आली नव्हती.

दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी सुटली की मागे काही सांडलंय का असं वाटावं. टायर जेवढे तापायला हवेत तेवढेच तापले होते, जास्त तापून तेलकट झाले नव्हते. त्या गाडीने कधी घेतला नव्हता इतका कमी वेळ पाटीवर लागला. सासऱ्यांच्या काळातसुद्धा.

सासूबाई उतरल्या त्या तणतणतच. "तब्येत बरी आहे ना म्हणे! त्याचीच तब्येत बघते मी." जावई तेव्हा चाकाशी बसून खळग्यात करंगळी घालत होता. करंगळी जात होती. पाटीवरचा आकडा त्याने नंतर बघितला.

मोसम संपत आला तरी जोडी टिकली. यातून जावयाला सुख लागावं की नाही? पण सासूबाईंनी ही गोष्ट सगळ्या मैदानाला सांगितली, आरशाचा भाग वगळून. "आमचे जावई टायर असे राखतात की विचारू नका." मग माणसं यायला लागली. कुणी टायर खांद्यावर टाकून, कुणी मोबाइलमध्ये फोटो घेऊन. आपली गाडी सोडून तो दिवसभर दुसऱ्यांच्या चाकांशी उकिडवा. एकाला टायर पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नको म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, "पण आमच्या शेजारी एक जण आहेत, ते म्हणतात उन्हाने रबर मुरतं." जावयाने त्याला विचारलं, "तुमच्याकडेही आहे का एक?"

मोसमातली शेवटची शर्यत झाली त्या आठवड्यात सासूबाई जेवायला आल्या. ताटं वाढून झाल्यावर म्हणाल्या, "टायरांत अजून जीव आहे, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"आहे," जावई खुशीत म्हणाला. "नीट झाकून ठेवले तर पुढच्या मोसमातही चार-दोन फेऱ्या निघतील."

"झाकून कशाला ठेवायचे? हिला शिकवू या."

जावयाने बायकोकडे बघितलं. बायको ताटाकडे बघत होती. तिच्या कानामागे हेल्मेट घट्ट बसून उमटतो तसा लाल वळ होता.

"तू आधीच घालून बघितलंस?"

"मापाचं आहे की नाही ते बघायला नको?" ती म्हणाली.

"आणि मला कुणी विचारणार होतं का?"

"विचारतोय की," सासूबाई म्हणाल्या. "टायरचं."

रविवारी सरावासाठी रस्ता मोकळा होता. कठड्याशी दोन-चार माणसं, निवेदक नाही. जावयाने हवा नेहमीपेक्षा अंमळ जास्त ठेवली, नवशिक्या पायाला बरी म्हणून. बायकोला त्याने इतक्या सूचना दिल्या की ती म्हणाली, "आता बोललास तर खाली उतरून तुझेच दात बघेन." बर्नआउट तिने नेटका केला. दिवा हिरवा झाला, ती सुटली, आणि गाडी एका रेषेत, कुठेही न डगमगता जात होती. सासूबाई त्याच्या दंडाला घट्ट धरून उभ्या होत्या.

पलीकडच्या टोकाला तिने ब्रेक दाबला. नुसता दाबला नाही, त्याच्यावर उभी राहिली. मागची चाकं जाम झाली आणि रस्ताभर किंचाळत गेली.

जावई धावला. धाप लागली तरी धावला. बायको सुखरूप होती, हेल्मेट काढत होती, केस घामाने चिकटलेले, चेहरा पेटलेला. तिला एकदा बघून घेतल्यावर तो मागच्या चाकाशी बसला. उजव्या टायरवर तळहाताएवढी सपाट जागा पडली होती. खळगे तिथून पार पुसले गेले होते. त्याने त्या जागेवरून हात फिरवला. आतले धागे वर आले नव्हते, एवढं नशीब.

"पहिल्यांदा होतंच असं," मागून धापा टाकत आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "माझंही झालं होतं."

"तुमचं कधी झालं होतं?"

"तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल."

"अरे, परत जाऊ का मी?" बायको विचारत होती. ती हसत होती. "एकदाच. ब्रेकचं लक्षात आलंय माझ्या."

जावयाने वर बघितलं. एकीकडे ही, एकीकडे तिची आई, दोघी एकसारख्या कमरेवर हात ठेवून त्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या.

"आज नाही," तो म्हणाला. "अशा टायरवर अजिबात नाही. आधी घरी नेतो, ही जागा किती खोल गेलीय ते बघतो."

"म्हणजे पुढच्या रविवारी?" बायको म्हणाली.

तो गाडीच्या मागे गेला, पत्र्याला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "एकीने स्टिअरिंग धरा. दुसरी ढकलायला या. आणि खडीवरून सावकाश."